खेळाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

मुंबईत एके काळी अव्वल दर्जाचा फुटबॉल कोण खेळत असे याची यादी करावयास बसले, तर ती क्लबांची यादी होत नाही. ती कारखान्यांची, कचेऱ्यांची आणि सरकारी खात्यांची यादी होते. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, महिंद्र, ऑर्के मिल्स, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, एअर इंडिया, ओएनजीसी, चेंबूरची आरसीएफ, चार-दोन बँका आणि पोलीस. यांपैकी एकाही संस्थेचा मूळ धंदा फुटबॉल नव्हता. कोणी तेल विकीत होते, कोणी कापड विणीत होते, कोणी विमाने उडवीत होते. तरीही चाळीस-पन्नास वर्षे या शहरातील मोठ्या फुटबॉलचा खर्च त्यांनीच उचलला, आणि पुढे थोड्याच वर्षांत त्यांतील बहुतेकांनी हात काढून घेतला. हा खर्च त्यांनी का उचलला, कोणत्या खात्यावर टाकला, आणि तो थांबला तेव्हा खेळणाऱ्या माणसाचे काय झाले, एवढाच आमचा विषय आहे. खेळाचे रसग्रहण आम्हांपेक्षा जाणकारांनी करावे. आमचा जन्म पगारपत्रके वाचण्यात गेला, तेव्हा आम्ही पगारपत्रकाच्या बाजूनेच या गोष्टीकडे पाहणार.

आरंभ रोव्हर्स कपापासून करावा लागतो. ही स्पर्धा १८९१ साली मुंबईत सुरू झाली आणि पहिली कित्येक वर्षे तिच्यावर गोऱ्या पलटणींचे राज्य होते. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला हरविले. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली, तेव्हा प्रथमच हा चषक हिंदी माणसांच्या हातात आला. पुढे १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कोणास दिला नाही. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे गुरू. १९५८ साली मुंबईच्याच कॅलटेक्स संघाने तो पटकावला.

या नावांत एक गोष्ट सलग दिसते. गोरा शिपाई सरकारी खजिन्यातून पगार घेत होता, हैदराबादचा खेळाडू पोलीस खात्यातून घेत होता, कॅलटेक्सचा तेलकंपनीतून. खेळणाऱ्याच्या पोटाची सोय दुसऱ्याच कामाच्या नावाने होत होती. ही व्यवस्था पलटणीबरोबर या देशात आली आणि पलटण गेल्यावरही राहिली. त्या काळी खेळाडू हौशी असला पाहिजे असा दंडक होता. खेळण्याबद्दल पैसे घेणाऱ्याला ऑलिंपिकचे दार बंद असे. म्हणून खेळाबद्दल पैसा द्यावयाचा नाही, नोकरीबद्दल द्यावयाचा, आणि नोकरी मात्र खेळाबद्दल द्यावयाची, असा मार्ग सर्वांनी मुकाट्याने स्वीकारला. नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत उपान्त्य फेरीत गेला. ते मुंबईत टाटा आणि कॅलटेक्स यांच्याकडून खेळत. प्रदीपकुमार बॅनर्जी पूर्व रेल्वेचे. त्या संघाने १९५८ साली कलकत्त्याची लीग जिंकली, तीही बड्या क्लबांच्या नाकावर टिच्चून. हौशी म्हणविणारे हे लोक नोकरदार होते, आणि त्यात आम्हांस लज्जास्पद असे काही दिसत नाही.

ही नोकरी प्रत्यक्षात कशी असे, ते आपल्यापैकी ज्यांनी कारखान्यात किंवा बँकेत दिवस काढले त्यांना सांगावयास नको. खेळाडू सकाळी येई, मस्टरवर सही करी, टेबलावर अगर खात्यात दोन-चार तास घालवी आणि दुपारी सरावाला जाई. स्पर्धेच्या दिवसांत त्याला भरपगारी खास रजा मिळे. बाजूच्या टेबलावरचा कारकून कुरकुर करी, कारण त्याच्या वाटचे कागद याच्याकडे सरकत. बढतीच्या वेळी तर कुरकुरीचे भांडण होई. पण त्याच कारकुनाला कंपनीचा संघ अंतिम सामन्यात गेला की कूपरेजवर जावयाचे असे, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये आपण जिंकलो अशा भाषेत बोलावयाचे असे. मालकाने हे ओळखले होते. कंपनीचे नाव छातीवर मिरविणारे अकरा गडी म्हणजे वर्तमानपत्रातील जाहिरात झाली, आणि हजेरीपटावरच्या हजारो माणसांना एका नावाखाली टाळ्या वाजवावयास मिळणे म्हणजे आणखी काही झाले. संपाच्या वर्षी त्याचा मालकाला कितपत उपयोग होई याबद्दल आमची मते निराळी आहेत.

हिशेबाच्या दृष्टीने ही सोय विलक्षण स्वस्त होती. समजा, एखाद्या कंपनीच्या हजेरीपटावर दहा हजार माणसे आहेत आणि त्यांत पंचवीस खेळाडू आहेत. पंचवीसांचा पगार म्हणजे एकूण पगारखर्चात हजारी अडीच रुपये. शिवाय तो पगार वेतनश्रेणीनुसार. कारकुनाला जो महागाईभत्ता तोच यालाही. चांगला गोल केला म्हणून श्रेणी बदलत नसे. स्पर्धक कंपनीने खेळाडू पळवावयाचा तर एक पायरी वरची जागा किंवा राहावयास खोली एवढेच आमिष दाखविता येई. म्हणजे खर्चाला वरून झाकण होते, आणि ते झाकण खेळाच्या नियमांनी घातलेले नव्हते, वेतनश्रेणीने घातले होते. उरला मैदानाचा, बुटांचा, प्रवासाचा खर्च. मुंबईची हारवूड लीग मुंबईतच खेळली जाई. रोव्हर्सला बाहेरचे संघच येथे येत. लोकल गाडीच्या पासात मोसम निघे असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आणि खेळाडूला काय मिळे? ऐन उमेदीत त्याला इतरांएवढाच पगार मिळे, हे खरे. पण तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी गुडघा गेला की तो पुन्हा आपल्या टेबलावर येऊन बसे आणि निवृत्तीपर्यंत नोकरी करी. फंड होता, १९७२ च्या कायद्यानंतर ग्रॅच्युइटी होती, वैद्यकीय मदत होती, मुलांच्या शाळेचा दाखला कंपनीच्या वसाहतीच्या पत्त्यावर होता. फुटबॉलपटूचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे आणि माणसाचे सत्तर; मधल्या चाळीस-पन्नास वर्षांचा विमा या नोकरीत आपोआप उतरविला जाई. वांद्रे, सांताक्रूझ, वाकोला, कलिना येथील ख्रिस्ती घरांतून, धारावी-परळच्या चाळींतून जी मुले या खेळाकडे वळली, त्यांच्या आईबापांनी पोराला मैदानावर जाऊ दिले ते या विम्याच्या भरवशावर. चांगला खेळलास तर रेल्वेत लागशील, हे वाक्य कित्येक घरांत बोलले गेले आहे. कबड्डीतही तेच झाले. लालबाग-परळच्या मंडळांतून खेळणारा गडी बँकेच्या, बेस्टच्या, पोर्ट ट्रस्टच्या संघात गेला की घराने सुटकेचा निःश्वास टाकावा.

क्रिकेटचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. टाइम्स शील्ड ही कचेऱ्यांची स्पर्धा. तिच्यात कसोटी खेळाडू आपापल्या कंपनीकडून उतरत. बापू नाडकर्णी एसीसीत, अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आलेला कर्णधार बँकेचा नोकर होता, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती आपल्याकडे दयेने पाहतात. क्रिकेटला पुढे दूरदर्शनचा पैसा मिळाला आणि त्याला कचेरीची गरज उरली नाही. फुटबॉलला तो मिळाला नाही, आणि कचेरीही राहिली नाही. सगळी अडचण या फरकात आहे.

येथे थोडे दूर, अमेरिकेत, जाऊन यावे लागेल. आपल्याकडे कंपनीने जे केले ते तेथे कॉलेजांनी केले, आणि तेथला आकडा इतका मोठा आहे की आपल्या व्यवहारातील धागे त्यात ठळक दिसतात. त्यांचा फुटबॉल निराळा, लांबट चेंडूचा, अंगावर चिलखत घालून खेळावयाचा. पण मूळ प्रश्न तोच: ज्या संस्थेचे काम विद्या शिकविण्याचे, तिने लाखभर प्रेक्षकांचा खेळ चालवावा, आणि खेळणाऱ्याला हौशी म्हणावे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. १९०५ साली या खेळात इतकी मुले दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजवाल्यांना बोलावून घेतले, आणि त्यानंतर कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना निघाली. मैदाने वाढली, प्रशिक्षक आले, त्यांचे पगार प्राचार्यांच्या वर गेले. फक्त खेळणाऱ्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही द्यावयाचे नाही हा नियम राहिला.

कामगार चळवळीतल्या माणसाने वाचावेत असे दोन खटले या इतिहासात आहेत. दोन्ही कोलोरॅडो राज्यातील. डेन्व्हर विद्यापीठातील नेमेथ नावाच्या विद्यार्थ्याला सरावात पाठीला इजा झाली. विद्यापीठाने त्याला टेनिसच्या मैदानांची निगा राखण्याचे काम दिले होते आणि त्याबद्दल महिना ५० डॉलर मिळत. फुटबॉल सोडला तर काम जाणार, हे उघड होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली सांगितले की हा नोकरच आहे, याला नुकसानभरपाई द्या. नोकरी देऊन खेळविण्याची ही रीत हुबेहूब आपल्या मुंबईची. दुसरा खटला रे डेनिसन याचा. १९५५ साली तो फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली. १९५७ साली त्याच न्यायालयाने ती नाकारली. कारण काय, तर कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही! त्याच सुमारास संघटनेचे कार्यवाह वॉल्टर बायर्स यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला, आणि तो मुद्दाम घडविला होता. खेळाडू कामगार ठरू नये म्हणून. पुढे म्हातारपणी, १९९५ साली, बायर्स यांनी स्वतःच्या पुस्तकात ते लिहून ठेवले. मालकाने कामगाराला दुसरे नाव दिले की कायदा त्याला दुसऱ्या दाराने पाठवितो, हा अनुभव आपल्याकडे ‘शिकाऊ’, ‘बदली’ आणि ‘मानधनी’ यांना पुरेपूर आहे.

तेथे पैसा येतो अफाट आणि तरीही पुरत नाही. १९८४ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील संघटनेचा मक्ता मोडला आणि मोठ्या कॉलेजांच्या दारी पैशाचा पूर आला. पण वरच्या श्रेणीतील सुमारे १३० कॉलेजांपैकी जेमतेम पंचवीस-तीसांचे क्रीडाखाते स्वतःच्या मिळकतीत भागते, असे त्यांच्या संघटनेचेच आकडे सांगत आले. बाकीच्यांची तूट विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून भरून निघते. म्हणजे ज्या मुलाने कधी सामना पाहिला नाही तोही वर्षाला त्याची वर्गणी देतो. याचे कारण उधळपट्टी एवढेच नाही. जिंकणारा एकच असतो. शेजाऱ्याने नवी व्यायामशाळा बांधली की आपण बांधावयाची, त्याने प्रशिक्षकाला जादा दिले की आपण आणखी जादा द्यावयाचे. सगळ्यांचा खर्च वाढतो आणि जिंकणाऱ्यांची संख्या तेवढीच राहते. २०२३ साली टेक्सासमधील एका सरकारी विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी घरी पाठविले आणि करारापायी सुमारे साडेसात कोटी डॉलर देणे कबूल केले. काम न करण्याबद्दल! आमच्या माहितीतील कोणत्याही संघटनेने एवढा किफायतशीर करार केलेला नाही.

या शर्यतीतून एक मोठे विद्यापीठ आपणहून बाहेर पडले. शिकागो विद्यापीठाचा संघ एके काळी नामांकित. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ च्या अखेरीस तो बंद केला. ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी-क्रिया झाली, हे आपण शाळेत वाचतो; ती जागा रिकामी का होती हे वाचत नाही. विद्यापीठाचे काही बिघडले नाही. पण बहुतेक मोठी विद्यापीठे त्याच्या मागे गेली नाहीत, कारण माजी विद्यार्थी, देणगीदार आणि गावातील व्यापारी यांना संघ हवा असतो.

आता मुंबईत परत येऊ. आपल्याकडची व्यवस्था पैशाच्या पुराने मोडली नाही. तिच्याखालची नोकरीच आटत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. कॅलटेक्स सरकारने १९७६ साली ताब्यात घेतली आणि ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. १९९१ नंतर सगळ्याच कंपन्यांत एक भाषा आली: आपला मूळ धंदा कोणता तेवढाच पाहा. कँटीन ठेकेदाराकडे गेले, पहारा ठेकेदाराकडे गेला, सफाई गेली. कायम नोकरांसाठी स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म निघाले. दहा हजारांचा हजेरीपट चार हजारांवर आला की त्यात पंचवीस खेळाडू डोळ्यांवर येतात. शिवाय खेळाडूची नवी भरती कायम जागेवर होईना. तोही करारावर आला. कराराने मिळणारा महिन्याचा आकडा मोठा दिसे. पण मघाशी सांगितलेला विमा त्यातून नाहीसा झाला होता. पंचविशीतल्या मुलाला आकडा दिसतो, विमा दिसत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

दुसऱ्या बाजूने खर्चाचे झाकण उडाले. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली. खेळाच्या दृष्टीने ती हवीच होती. परंतु आता मुंबईच्या संघाला कलकत्ता, गोवा, पंजाब, ईशान्य भारत असे फिरावयाचे होते, परदेशी खेळाडू आणावयाचे होते, सबंध मोसम पंचवीस-तीस माणसांचे बिऱ्हाड हलवावयाचे होते. तिकिटांची विक्री मात्र कूपरेजच्या फळ्यांवर बसेल तेवढीच. कलकत्त्याच्या क्लबांना निदान सभासद आणि पिढीजात प्रेक्षक होते. कंपनीच्या संघाला तसे कोणी नसते. कंपनीतील कामगार हाच त्याचा प्रेक्षक, आणि कामगारच कमी झाले होते. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर भरला नाही. एकशे दहा वर्षांची स्पर्धा थांबली आणि शहराने त्याची फारशी दखल घेतली नाही.

महिंद्राची कथा या सर्वांत बोलकी आहे. १९६२ साली सुरू झालेला हा संघ पुढे महिंद्र युनायटेड झाला, व्यावसायिक रीतीने चालविला गेला, आणि २००५-०६ साली डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. तो मान मिळविणारा मुंबईचा हा एकमेव संघ. चार वर्षांनी, २०१० साली, कंपनीने तो बंद केला आणि यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर पैसा खर्च करू असे जाहीर केले. संघ हरत होता म्हणून बंद झाला नाही, कंपनी बुडत होती म्हणूनही नाही. पुढल्या वर्षी पंजाबातील फगवाड्याचा जेसीटी गेला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा हाच तो संघ. शाळकरी मुलांना खेळवावे, याविरुद्ध कोण बोलेल? पण ती मुले मोठी झाल्यावर कोठे खेळणार हा प्रश्न त्या जाहीरनाम्याने मोकळाच ठेवला.

सांताक्रूझकरांना एअर इंडियाची गोष्ट अधिक जवळची. विमानतळ आपल्या दाराशी, कलिन्याची वसाहत आपल्या शेजारी. हॉकी, क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी अशा कितीतरी खेळांतील माणसे या एका कंपनीच्या पगारावर होती. २०१३ साली एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन्ही मुंबईचे संघ आय-लीगमधून वगळले गेले. मैदानावर हरल्यामुळे ही पाळी आली नाही. आशियाई महासंघाच्या परवाना-नियमांत ते बसत नव्हते. क्लब हा स्वतंत्र, फुटबॉलसाठीच असलेला असावा अशी त्या नियमांची दिशा, आणि हे तर कंपनीच्या खात्याचे संघ. नियम करणारे चुकले असे आम्ही म्हणत नाही. जगातला फुटबॉल त्याच वाटेने गेला आहे. परंतु एका ठरावाने सरकारी नोकरीचा आधार असलेले दोन संघ बाहेर गेले आणि त्यांची जागा घेणारे क्लब किती वर्षे जगतील, हा हिशेब कोणी मांडला नाही. मुंबई एफसी हा स्वतंत्र क्लब २००७ साली निघाला होता. २०१६-१७ च्या मोसमात तो तळाला गेला आणि त्यानंतर बंद पडला. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे गेली. वसाहत रिकामी करण्याच्या नोटिसा त्याआधीच निघाल्या होत्या.

गोव्यात निराळा मालक, पण वळण तेच. तेथे फुटबॉलला खाणींनी पोसले. डेंपो, साळगावकर ही नावे आधी खनिजाच्या बार्जेसवर वाचावयाची आणि मग खेळाडूंच्या पाठीवर. डेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविले. डेंपोंनी आपल्या खाणी २००९ साली विकल्या. २०१२ साली गोव्यातील खाणकामच थांबले. २०१६ साली डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली. सांगितलेले कारण महासंघाच्या नव्या आराखड्याचे होते, आणि ते खोटे नव्हते: नव्या रचनेत जुन्या क्लबांना दुय्यम जागा मिळणार होती. पण खनिजाचे पैसे वाहत असते तर एवढ्या तातडीने ते निघाले असते काय, अशी शंका आम्हांस येते. डेंपो पुढे खालच्या श्रेणीतून परत आले, एवढे त्यांच्या पदरात घातले पाहिजे.

नवी रचना म्हणजे इंडियन सुपर लीग. महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना देऊन टाकले होते. त्यातून २०१४ साली ही लीग उभी राहिली. दिवे आले, दूरचित्रवाणी आली, खेळाडूंचे करार कोटीच्या घरात गेले. त्याबद्दल खेळाडूचा हेवा करणारे आम्ही नव्हे; ज्याच्या अंगमेहनतीवर तमाशा उभा आहे त्याला मोठा वाटा मिळालाच पाहिजे. पण लीगमधले बहुतेक क्लब वर्षानुवर्षे तोट्यात चालले, आणि तोटा भरणारा मालक होता तोवर ते चालले. कंपनीच्या जुन्या संघातही तोटा मालकच भरीत होता. तेव्हा संघ मोडला तर माणूस टेबलावर परत येत असे; आता परत यावयास टेबल नाही.

मग आपल्या कॉलेजांनी हा भार घ्यावा, असे कधी कधी सुचविले जाते. कलिन्यात विद्यापीठाचे एवढे मोठे आवार आहे, आंतरविद्यापीठ फुटबॉलची सर आशुतोष मुखर्जी चषक स्पर्धा जुनी आहे, तर अमेरिकेसारखे येथेही व्हावे. सूचना करणाऱ्यांनी आपल्या मुलाच्या फीची पावती काढून पाहावी. तिच्यात जिमखाना फी अशी एक ओळ असते; आपला कॉलेजचा फुटबॉल तेवढ्या ओळीवर जगतो. मैदान भाड्याचे, बूट स्वतःचे, सामन्यानंतर वडापाव. त्या ओळीला फुगवून मोठा खेळ उभा करावयाचा म्हणजे अमेरिकेतील तूट आणावयाची आणि तेथले प्रेक्षक आणावयाचे नाहीत. आम्हांस तर ती ओळ लहान आहे हेच बरे वाटते. चार-चार कॉलेजांनी मिळून एक मैदान राखले तरी त्या पैशाचे सोने होईल.

नोकरीचा आधार अजिबात संपला असे नाही. रेल्वे, सैन्यदले, पोलीस यांच्यात खेळाडूंसाठी राखीव जागा आहेत. संतोष करंडकाच्या सामन्यांत रेल्वे आणि सेनादल यांचे संघ उतरतात. आपल्या राज्यात १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहिला. कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या वर्गणीबरोबरच कामगारांचा न उचललेला पगार आणि त्यांच्याकडून वसूल झालेले दंड यांतून तो साठतो. कामगार कल्याण केंद्रांतील कबड्डीचे सामने आणि नाट्यस्पर्धा त्यातून होतात. दंडाच्या पैशाने कबड्डी खेळावी ही कल्पना आम्हांस फार आवडते. रक्कम मोठ्या खेळाला पुरणारी नाही, पण ती दरसाल येते, आणि ती बंद करण्याचा अधिकार एका मालकाला नाही.

खेळाडूंची स्वतःची संघटनाही आहे. बायचुंग भूतिया यांच्या पुढाकाराने २००६ साली ती निघाली आणि थकलेले पगार वसूल करण्याचे काम तिने केले आहे. मात्र प्रत्येकाचा करार वेगळा, रक्कम वेगळी, मुदत वेगळी. एका वेतनश्रेणीवर भांडणाऱ्या आमच्यासारख्यांना हे काम किती अवघड आहे ते समजते. अमेरिकेतही तोच पेच पडला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी २०१४ साली युनियन काढली, विभागीय अधिकाऱ्याने त्यांना कामगार ठरविले, आणि २०१५ साली वरच्या मंडळाने या भानगडीत आपण पडत नाही असे सांगून कागद बंद केले. पण न्यायालयांतून दुसरी वाट फुटली. २०२१ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेविरुद्ध निकाल दिला. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीने जुन्या खेळाडूंना २८० कोटी डॉलरची भरपाई ठरली, आणि चालू खेळाडूंना प्रत्येक कॉलेजाने वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत थेट वाटावे अशी मुभा मिळाली. डेनिसनच्या विधवेला रिकाम्या हाताने परत पाठविल्यापासून अडुसष्ट वर्षे लोटली होती. अद्याप त्यांना कामगार म्हणावयास कोणी तयार नाही; फक्त पगार सुरू झाला आहे.

तो सुरू झाला १ जुलै २०२५ रोजी. त्याच महिन्यात आपल्याकडे पंधरा वर्षांच्या कराराची मुदत संपत आली आणि नवा करार होईना, म्हणून लीगच्या चालकांनी पुढचा मोसम स्थगित ठेवल्याचे कळविले. ऑगस्टच्या आरंभी बंगलोरच्या क्लबाने आपल्या पहिल्या संघातील खेळाडूंचे आणि नोकरांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबविले. त्या यादीत केवळ नावाजलेले खेळाडू नव्हते. अंगमर्दन करणारे, सामान वाहणारे, मैदान राखणारे अशी माणसेही क्लबांच्या अशाच पगारांवर जगतात; त्यांची छायाचित्रे कोणी छापीत नाही, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या क्लबाकडून बोलावणे येत नाही.